दुसरी वेलांटी

९ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून मला माणसांशी बोलायला शिकवणार आहेत. वय वर्षं बेचाळीस!

दवाखान्याच्या तळमजल्यावरची खोली. गोलात मांडलेल्या सात खुर्च्या, एक फळा, कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते साडेबारा. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. म्हणाल्या, "गोळ्यांनी आवाज थांबतात. पण लक्ष लागणं, लक्षात राहणं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, हे गोळीत नसतं. त्याला सराव लागतो."

बोलतात बऱ्या. माझे आवाज थांबून तीन वर्षं झाली. थांबले ते ठीकच, पण जाताना घरातलं बरंच सामान घेऊन गेले.

बाईंनी बारा शब्द वाचून दाखवले आणि परत म्हणायला सांगितले. मला पाच आले. सहावा मी पदरचा घातला. छापखान्यात अठरा वर्षं प्रुफं वाचणारी मी! अख्खा शब्दकोश या डोळ्यांखालून गेलाय.

ताई बाहेर बाकावर बसली होती. "झालं?" एवढंच म्हणाली. घरी येईपर्यंत माझ्या अर्धं पाऊल मागे. नेहमी तशीच चालते, कैद्यामागे शिपाई चालावा तशी. राग अजून गेलेला नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज चेहरे. बाईंकडे चाळीस कार्डं आहेत, प्रत्येकावर एक माणूस. त्याला काय वाटतंय ते सांगायचं. सोबत एक कागद दिला, त्यावर सहा पर्याय. आनंद, दुःख, राग, आश्चर्य, किळस, भिती.

भिती! भ ला पहिली वेलांटी! मी पेन काढलं, खूण केली, समासात दुसरी वेलांटी काढून कागद बाईंच्या हातात दिला. बाई हसल्या. "हा कागद चार वर्षं वापरतोय आम्ही. कुणाच्या लक्षात नाही आलं." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

मग कार्डं सुरू झाली. वीसपैकी नऊ बरोबर. सतरा नंबरच्या कार्डावर एक बाई आहे, मोठे डोळे करून बघणारी. मी म्हटलं, राग. बाई म्हणाल्या, नाही, भीती. मी म्हटलं, उत्तरपत्रिकेत चूक असेल, जिथे वेलांटी चुकते तिथे उत्तरही चुकू शकतं. डोळे वटारलेत की तिने! असले डोळे मी रोज घरी बघते.

बाजूचे मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "मला तर सगळेच हेडमास्तर वाटतात." तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. आता खुर्चीवरून उठताना आपण का उठलो ते विसरतात.

१४ सप्टेंबर, रविवार

ताईने आज सांगितलं. भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "शेवटच्या तासाला घरच्यांना बोलावलंय. दहा ऑक्टोबरला. त्या दिवशी ठरवू काय ते."

काय ते म्हणजे मी. इथे राहायचं, की गावाबाहेरच्या त्या निवासी केंद्रात. भावोजींनी तिथला माहितीचा कागद आणून फ्रीजवर लावलाय. बाग आहे म्हणे. मला बाग नको. मला ही मागची खोली हवी, आणि भिंतीपलीकडून येणारा ताईचा खोकला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, ताई सतराची. माझ्या वेण्या तिने घातल्या, दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत सोडून परत घालायची. त्याच ताईला मी नकोशी झालेय, हे मी रोज तोंडावर बघते.

सरावाने तिचा राग जाणार असेल तर करते सराव. माकडासारख्या उड्या मारायला सांगितल्या तरी मारीन.

१६ सप्टेंबर, मंगळवार

घरचा अभ्यास: जवळच्या माणसाला एक प्रश्न विचारायचा. त्याच्याकडे बघायचं. उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

एवढं साधं! मास्तर म्हणाले, "साधं असतं तर आपण इथे असतो का?"

१७ सप्टेंबर, बुधवार

विचारला. ताई कपडे वाळत घालत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "आज दिवस कसा गेला?"

हातातला चिमटा खाली पडला. "का? काय झालं?"

"काही नाही. विचारलं."

"कुणी विचारायला सांगितलं?"

आता बाईंनी सांगितलं हे खरंच. तसं बोलले. मग तिने ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत गेली. मी उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबले. बराच वेळ थांबले. मग चिमटा उचलला.

साधा प्रश्न विचारलेला खपत नाही. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याने गप्प राहावं, असा या घराचा कायदा असणार. कात्री मागावी लागते, सुरी मागावी लागते, दोन्ही कपाटात कुलपात. बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी होती, ती काढून टाकलीय. नुसती चार भोकं. ती बुजवायलाही भावोजींना सवड नाही. एवढं मात्र विचारतात, "गोळी घेतली?" रोज, दोनदा, पेपरातून मान वर न काढता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वीसपैकी अकरा. सतरा नंबर पुन्हा राग. पुन्हा चूक.

२४ सप्टेंबर, बुधवार

करायला गेले एक!

काल बाईंनी युक्ती शिकवली. काम करताना पायऱ्या मोठ्याने म्हणायच्या, म्हणजे मन भरकटत नाही. कॉम्प्युटरवर ती करून बघितली तर बारा शब्दांची यादी आठपर्यंत गेली. म्हटलं, घरी करावी. ताई बाहेर गेली होती. तिच्यासाठी चहा करायला घेतला. "आता पातेलं. आता पाणी. गॅस लावला. आता साखर, दोन चमचे. नाही, ताईला दीड." कित्येक वर्षांनंतर गॅस लावला होता.

वळून बघते तर ताई दारात. कधी आली कोण जाणे. डोळे हे एवढे मोठे. पिशवी छातीशी धरलेली.

"कुणाशी बोलतेयस?"

"चहाशी," मी म्हटलं. थट्टा केली. थट्टाही बाईंनीच शिकवलीय, वातावरण हलकं करायला.

ताईने गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. कुजबुजत बोलत होती, तरी ऐकू आलं. "परत सुरू झालं असं वाटतंय." मी दारातून ओरडून सांगितलं की अगं, हा सराव आहे, बाईंनी दिलाय! ओरडायला नको होतं. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि बोटाने मला लांबच राहायला सांगितलं.

चहा कुणीच प्यायलं नाही. मीच पातेलं घासलं. मनातल्या मनात पायऱ्या म्हणत.

आयुष्यभर आवाज ऐकले तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही. आता एकही येत नाही आणि मी माझ्याच आवाजात बोलले तर फोन! कुणाला सांगायचं हे?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंनीच डॉक्टरांशी बोलून निस्तरलं. गोळी वाढली नाही. ताईला बोलावून युक्ती समजावली. ताई "बरं" म्हणाली, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

ती गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "ताई अशी का वागली असेल?"

"रागाने."

"एका कारणावर उडी मारायची नाही, ठरलंय ना आपलं? अजून दोन शोधा."

मी दोन शोधली. तिला माझी लाज वाटते. तिला माझा कंटाळा आलाय. बाईंनी लिहून घेतली, बरोबर की चूक ते बोलल्या नाहीत. मग विचारलं, "चार वर्षांपूर्वी नेमकं काय झालं होतं? तुमच्या शब्दांत."

माझ्या शब्दांत असं, की माणसं ताईला न्यायला येणार होती. छापखान्यातून माझ्या मागावर होती, प्रुफांत निरोप येत होते. मी ताईला बाथरूममध्ये घातलं, बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसले. मांडीवर कात्री, ती माणसं आली तर म्हणून. ती आतून हाका मारत होती. दार ठोकत होती. मी तिला सांगत होते की गप्प बस, त्यांना ऐकू जाईल. पाच तास. मग भावोजी आले.

कुणीच येणार नव्हतं, हे आता मला कळतं. पण मी तिला वाचवत होते! तिच्यासाठी पाच तास फरशीवर बसले आणि ती चार वर्षं राग धरून बसलीय. एकदा तरी तोंडाने बोलावं, भांडावं. ते नाही. नुसते डोळे वटारायचे.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज बाईंनी सतरा नंबर फळ्यावर लावला, शेजारी सहा नंबर, खराखुरा राग. म्हणाल्या, "डोळे दोघींचे मोठे आहेत, बरोबर? मग डोळे सोडून द्या. भुवया बघा. रागात खाली येतात, नाकाशी गोळा होतात. भीतीत वर जातात."

मी दोन्हीवर बोट फिरवलं. खाली. वर. ऱ्हस्व-दीर्घाइतका फरक. तो ज्याला दिसत नाही त्याला दिसत नाही, आणि एकदा दिसला की पानावर दुसरं काही दिसत नाही.

वीसपैकी सतरा! मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग विचारलं, कशाबद्दल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बारापैकी अकरा शब्द. चेहरे वीसपैकी एकोणीस. बाई म्हणाल्या, हे सगळं ताईंसमोर सांगणार आहे दहा तारखेला. मी शुक्रवारसाठी वाक्य पाठ करतेय: "ताई, मी सुधारलेय, मला इथे राहू दे, आता तरी राग सोड." बाईंना म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, शेवटचा भाग पुन्हा तपासा. का, ते सांगितलं नाही. शुद्धलेखन तर चोख आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

फ्रीजवरचा कागद अजून तिथेच. 'सुसज्य' लिहिलंय. सुसज्ज हवं. खूण केली नाही. ज्यांना मला तिथे धाडायचंय त्यांनी शोधावी चूक.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले. ताई आत होती, मी दारात. मागे वळली आणि मला बघितलं. तेच मोठे डोळे. मी भुवया बघितल्या.

वर होत्या.

मी दारातून बाजूला झाले. भिंतीला टेकून उभी राहिले, वाट पूर्ण मोकळी होईल अशी. ती माझ्याकडे तोंड ठेवूनच बाहेर गेली. पाणी प्यायचं राहिलं. बाथरूमच्या दारावरची चार भोकं बघत बसले.

मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. जिथे जिथे तिचा 'राग' लिहिलाय तिथे खोडलं आणि समासात दुरुस्ती केली. भ ला दुसरी वेलांटी.

पाठ केलेलं वाक्यही खोडलं. परवा राहू का म्हणून विचारायचं नाही. "ताई, तुला माझी भीती वाटते का?" एवढंच विचारायचं. उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.