'मी' नावाची डिक्शनरी

२ जून
जमलं! नाचावंसं वाटलं, पण आई बाजूलाच भाकरी थापत होती.
दर स्थळाला बायोडाटा नव्यानं टाइप करून वैताग आला होता. आता पायथनमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेत, डिक्शनरी केली, माहितीचा तक्ताच म्हण, नाव ठेवलं 'मी'. उंची, शिक्षण, मामाचं गाव, नोकरी (नवी कोरी, घरूनच कॉम्प्युटरवर), सगळं आत. मग फंक्शन लिहिलं, बायोडाटा बनवणारा छोटा प्रोग्राम. त्याला 'मी' आणि स्थळाचं गाव दिलं की बायोडाटा तयार. आप्पा म्हणाले, लेकी, पाटोद्यातल्या टायपिंगवाल्याचा धंदा बसवतीस आता.

५ जून
दोन स्थळं. पुणे नि गेवराई.
पुण्यासाठी फंक्शनमध्ये एक जादा ओळ: मी["अट"] = "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही". आईला ती पुण्यापुरतीच मंजूर. गेवराईकडे मोठी शेती, सासरे पुढारी, तिथं अटीचं नाव काढायचं नाही म्हणे. पण फोटोतला गेवराईचा मुलगा कसला हसरा आहे!
आधी पुण्याचा काढला, मग गेवराईचा. आप्पांनी न बघताच दोन्ही व्हॉट्सॲपवर पाठवले.

६ जून
घोळ. गेवराईच्या बायोडाटातही अट गेली!
आई म्हणाली, "तू मुद्दाम लिवलंस. हातचं स्थळ घालवलं." शपथेवर सांगितलं, नाही. पटलं नाही तिला.
दुपारभर शोधलं आणि सापडलं! मला वाटायचं, फंक्शनला डिक्शनरी दिली म्हणजे झेरॉक्स दिली. छे. ओरिजिनलच हातात जाते. आत लिहिलं की बाहेरची 'मी' पण बदलते, आणि ती पुढच्या स्थळालाही तशीच जाते! आता आधी कॉपी काढून तीच देते. पुण्याची अट पुण्यातच राहते.
आई बोलत नाहीये आणि मला हसू आवरत नाहीये. गेवराईचं मात्र मनाला लागलंय.

८ जून
गेवराईहून फोन, मुलाच्या आईचा. आप्पांनी घाबरून माझ्याच हातात दिला.
"ती अट कुणी घातली? तू का तुज्या वडलांनी?"
'प्रोग्रामनं' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ओळ तर माझीच. म्हटलं, मीच.
त्या हळूच म्हणाल्या, "मला मास्तरीन व्हायचं होतं. लिवायचं धाडस न्हाई झालं. आमी रविवारी येतोय बघायला. त्या अटीतलं काई खोडू नगंस."
आई पोह्यांचं विचारतेय, आप्पा घरभर फिरतायत.
त्या पुढारी सासऱ्यांनी बायोडाटा वाचलाय का, हे विचारायचं राहूनच गेलं.