दगडाचा खोकला

रेणापूर,
२ मार्च १९८६

ती. चांगुणा आक्कास,

लिंबाजीचा सविनय जयभीम. वि. वि. पाण्यावाचून शेत पडीक हाय. पण लातूर जिल्हा झाल्यापासून रस्ते, कचेऱ्या होतच राहिल्यात, म्हणून खडी मशीन काही थांबत न्हाई. मी मशीनच्या तोंडात दगड टाकतो. धुळीत शेजारचा गुंडप्पा दिसत न्हाई, खोकल्यावरून वळखतो. हस आता!

खोकला मलाबी हाय. लातूरच्या डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या दिल्यात, लई महिने झाले, उतार न्हाई. पण गिरणीत दाजी कापसाच्या धुळीनं खोकतातच की. तू घोर करू नको. पुढच्या आठवड्यापासून तुझी भावजय सिंधुबी मशीनवर येणार हाय.

धाकट्यावरची माया पातळ करू नको.

तुझा,
लिंबाजी


नांदेड,
९ मार्च १९८६

चि. लिंबाजीस,

आक्काचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. छातीच्या वॉर्डात आया म्हणून इतकी वर्षं काढली, मी साध्या खोकल्याला भिणारी न्हाई. तुझ्या दाजींची छाती सुट्टीनंतर गिरणीत गेलं की आवळते, सुट्टीत मोकळी होते. मला वाटायचं, धूळ ती धूळ.

मोठ्या डॉक्टरांना तुझं सांगितलं. त्यांनी आधी तुझं काम विचारलं. खडी मशीन म्हणताच, किती वर्षं, तेही विचारलं. मग म्हणाले, कापसाच्या धुळीतून वेळेत बाहेर पडलेला माणूस सावरतो. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की काम सोडूनही निघत नाही. गोळ्यांनी टीबीचे जंतू मरतील, दगड कसा मरेल? धूळ दबायला मशीनवर पाणी मारतात का, हेही त्यांनी विचारलंय.

सिंधुला तिथं पाऊल ठेवू देऊ नको. मिळंल त्या बसनं निघून ये. माझ्यावर रुस, पण ये.

तुझी काळजीत पडलेली,
आक्का


रेणापूर,
१७ मार्च १९८६

ती. वन्संस,

सिंधुचा जयभीम. तुमचं पत्र येईस्तोवर मी मशीनवर जायला लागले होते. ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं, माझ्या नावापाशी अडखळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी ठेकेदाराला मशीनवर पाणी मारायला सांगितलं. तो म्हणाला, गावाला प्यायला टँकर न्हाई, दगडाला कुठून आणू? मी म्हणाले, कचेरीच्या नव्या भिंती भिजवायला टँकर येतो, तो कुठून येतो? तो म्हणाला, जमत नसेल तर घरी जा. आम्ही बाया निघालो. ह्यांनी मात्र मान खाली घालून दगड उचलला. मला लई राग आला, वन्सं.

दुपारी गुंडप्पा ह्यांना पाठीवर घेऊन आला. ओठ निळे पडले होते, श्वास पुरत नव्हता. जरा धाप बसली तसे आपणहून म्हणाले, आक्काकडं जातो.

ह्यांच्या जागी ठेकेदारानं गावातल्याच मडिवाळप्पाला घेतलं. मी त्याच्या घरी जाऊन तुमचं सगळं बोलणं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि ते डॉक्टर नांदेडात कुठं बसतात तेवढं विचारून ठेवलं. आज तो मशीनवर गेला.

मी रोजगार हमीच्या बांधावर मातीकामाला जाते. उघड्यावर हाय, वारा तरी लागतो. गुंडप्पाबरोबर हे परवा सकाळच्या बसनं निघतील, म्हणून हे पत्र टपालात न टाकता आजच्या बसच्या कंडक्टरकडं देते. बसच्या पायऱ्यांवर ह्यांना धाप लागते. हात कुणाला मागणार न्हाईत. दाजींना स्टँडवर पाठवा, त्यांनीच पुढं होऊन धरावं.

आमच्यावर सावली असू द्या.

तुमची,
सिंधु