चौथा कंडुवा

बरकतपुरा, हैदराबाद
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेणुका हिला,
दादाचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक आहेत. आईची शुगर काल तपासली, फार वाढलेली नाही. थोडं थोडं जेवते. तुझी वहिनी वंदना अजून रजेवर आहे. तुम्ही सगळे बरे असाल.

शेजारची मीना उद्या नांदेडला चालली आहे, तिच्या हाती हे पत्र देतो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. शुक्रवारी बाबा गेल्याचं कळवलं तेव्हाही मी दोन वाक्यं बोललो, तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तू आली नाहीस त्याबद्दल इथे कुणी काही बोललं नाही. कुणी विचारलं तर आई सांगते, तिला गाडी मिळाली नाही.

येत्या रविवारी सकाळी विहारात बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्यासाठीच लिहायला बसलो. पण आधी ऑगस्टमधल्या फोटोबद्दल लिहायला हवं. त्या फोटोनंतर तू बाबांशी बोलली नाहीस.

इथल्या हिमायतनगरच्या फंक्शन हॉलमध्ये ज्येष्ठांचा सत्कार होता. बोलावणं बबलूचं. एके काळी बाबांच्या मागे सायकलवर बसून वस्तीत हिंडायचा आणि आपल्याकडे जेवायचा, तोच. आता त्याच्या फ्लेक्सवर बबलूअण्णा लिहिलेलं असतं. गाडी घेऊन तो स्वतः न्यायला आला. बाबा खूश होते. म्हणाले, पोरगं विसरलं नाही. मी मागच्या रांगेत बसलो.

सत्कार म्हटल्यावर शाल येणार. स्टेजवर नाव पुकारलं, बाबांनी मान पुढे केली. त्यांच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे, जवळचं कापडही धूसर दिसायचं. बबलूने गळ्यात घातली ती शाल नव्हती, कंडुवा होता. तुमच्याकडे पक्षाचं उपरणं म्हणतात ते. इथे पक्ष बदलायचा म्हणजे एवढंच करावं लागतं, जुना काढून नवा घालायचा आणि फोटो काढायचा. मी उठेपर्यंत फोटो निघाला होता. बाबा फोटोत हसत आहेत, कारण त्यांना ती शाल वाटली.

घरी येताना मला सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ते इराणी हॉटेलात चहाला गेले तर गल्ल्यावरचा अहमदभाई म्हणाला, "मुबारक हो काका, इस उमर में बी पार्टी बदल दिए!" बाबांना आधी मस्करी वाटली. मग त्याने मोबाइलवरचा मथळा वाचून दाखवला.

तो कंडुवा घेऊन बाबा बबलूच्या ऑफिसात गेले. मी सोबत होतो. बबलू हसून म्हणाला, "काका, फोटो तर सगळीकडे गेला. आता परत देऊन काय होतंय? राहू द्या, थंडीत गळ्याला बरा." बाबांनी तो टेबलावर ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता निघाले.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. आपल्या लहानपणीचं एकच बोलायचे. ते एकनाथरावांकडून निवडणूक हरले तेव्हाचं. आठवतं ना, निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाबा हार घेऊन त्यांच्या घरी गेले आणि नंतर दोघं रिक्षात बसून वस्तीभर फिरले. कुठली मोरी तुंबते, कुठल्या नळाला पाणी येत नाही, सगळं बाबांनी त्यांना दाखवलं. आई चिडली होती. "हरलात तुम्ही, आणि काम शिकवताय त्याला?" बाबा म्हणाले, "मी हरलो, मोरी थोडीच हरली."

तेव्हाचे सगळे चांगले होते असं मी म्हणणार नाही. बाबांच्याच पक्षात उचापती करणारे होते. पण चारचौघांत कळलं तर लाज वाटेल अशी भीती तरी त्यांना होती. बबलूला त्या दिवशी जराही लाज वाटली नाही, ते बाबांना जास्त लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते लोकांचं. एकानेही विचारलं नाही की श्रीपतराव, हे काय केलंत? सगळे मुबारक म्हणाले. किती पैसे मिळाले, एवढंच काय ते एकाने विचारलं.

अशात तुझा मेसेज आला. "बाबांना सांग, त्यांचं नाव घेऊन मी मुलांना आता काही सांगू शकत नाही." मी तो लपवणार होतो, पण बाबांनी विचारलं, रेणुकाचं काय? मी वाचून दाखवला. म्हटलं, मी लगेच तिला खरं काय ते कळवतो.

रेणुका, आता लिहितो ते नीट वाच. बाबा म्हणाले, "थांब. रागावली ना? परत वाच." मी परत वाचला. ते कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "एक तरी माणूस रागावलं. राहू दे तिचा राग. ती येईल तेव्हा मीच सांगेन."

दुसऱ्या दिवशी ते इराणी हॉटेलात गेले आणि उभ्यानेच अहमदभाईला म्हणाले, "मेरी बेटी बात नै करती मेरे से. पार्टी बदल्या बोलके." अहमदभाईने विचारलं, मग बदलली नाही का? तेव्हा शालीची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. मग रोज कुणा ना कुणाला सांगायचे, आणि सुरुवात तुझ्यापासून करायचे. वस्तीला खरं कळलं ते असं. तुझ्या अबोल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. ते तो मिरवत होते. तू नांदेडला बसून काय काय मनात आणत असशील, म्हणून हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण ते तुझी वाट बघत होते, आणि मीही.

शुक्रवारी बाबा गेल्याचं कळल्यावर बबलू आला. सोबत कॅमेरावाला, हातात नवा कंडुवा. आई बाबांच्या उशाशी बसली होती.

"काय आणलंस?"

"काकू, काकांचा मान आहे. वरून घालतो."

"हा कितवा रे तुझा?"

त्याला कळेना. आई म्हणाली, "कंडुवा. कितवा पक्ष हा?"

"चौथा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघूनच गेलं. दाराशी कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि शेवटी बबलूही. मयताच्या घरात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मला एकदम मोकळं वाटलं.

आई हसली नाही. "आधीचे तीन ठेवलेस तिथेच हा ठेव. रिकाम्या हातांनी यायचास तेव्हा मी तुला जेवू घातलंय. आताही तसाच ये."

मला वाटलं तो निघून जाईल. तो खाली गेला, कंडुवा गाडीत टाकला, कॅमेरावाल्याला घालवलं आणि परत आला. त्याने खांदा दिला. बाबांच्या अंगावर पांढऱ्या कापडाशिवाय काही नव्हतं. मी रडलो तो तेव्हा, आणि त्या रात्री शांत झोपलो.

रविवारी स्टेज नाही, फ्लेक्स नाही. बबलूने विचारलं, मी बोलू का? आई म्हणाली, तू ऐकायला ये. श्रद्धांजलीचं पहिलं भाषण तू करायचंस असं तिने ठरवलं आहे. दुसरं कुणी नाही बोललं तरी चालेल म्हणते. लिहून आणू नकोस, तुला फार बोलावं लागणार नाही. आता तू बाबांचं नाव घेऊन मुलांना काहीही सांगू शकतेस, एवढं मला माहीत आहे. मुलांनाही आण.

शनिवारी संध्याकाळी मी काचीगुडा स्टेशनवर उभा राहीन. पांढरी साडी नसेल तर वंदनाची आहे. मनात थोडा राग उरला असेल, तर तो टाकून येऊ नकोस. या घराला त्याची गरज आहे.

तुझी वाट बघणारा,
दादा