वन्संना करमत नाही

४ डिसेंबर १९५२, इंदूर

घर फार आवडलं. गावाबाहेर, तलावाच्या बांधाला लागून. जेवायला बसलं तरी खिडकीतून पाणी दिसतं. महेश्वरला नर्मदेच्या काठी वाढलेल्या मुलीला सासर मिळावं तर असं. सासऱ्यांना मी पाहिलं नाही. दौलतराव, होळकरांच्या रिसाल्यातले. दिवाणखान्यात त्यांचा घोड्यावरचा फोटो आहे. सासूबाईंना, द्वारकाबाईंना, सगळे मासाहेब म्हणतात. बोलणं बेताचं, पण संध्याकाळी आपल्या हातानं माझ्या केसांत शेवंती माळली.

धाकट्या नणंदबाई, कुमुदिनी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहेत. मी त्यांना वन्सं म्हणाले तर पोट धरून हसल्या. म्हणे, "वहिनी, इतनी इज्जत मत दो, मला सवय नाहीये!" दिवसभर माझ्या मागेपुढे. एकटं बसणं त्यांना जमतच नाही.

७ डिसेंबर

बांधाखाली एक डोंगी उपडी घालून ठेवली आहे. सासरे तिच्यातून बदकांच्या शिकारीला जात. लहानशी, गोल बुडाची, म्हणून चटकन कलते. मासाहेबांना तिची धास्ती, आणि घरात कुणालाच पोहता येत नाही. मी म्हटलं, मला येतं, वल्हवताही येतं, बाबांनी शिकवलंय. जरा तोराच होता माझ्या बोलण्यात.

वन्संना आधी काठावर बसवून धडा दिला. चढताना पाय मधोमध. आत गेल्यावर बूड हलवायचं नाही. जागा बदलायची असेल तर काठाला येऊन. उलटलीच तर डोंगीला धरून राहायचं, कारण लाकूड बुडत नाही. घाबरून काठाकडे सुटणारा माणूस बुडतो. मासाहेब लांबून ऐकत होत्या. "तू आहेस म्हणून पाठवते हो," म्हणाल्या.

काठाकाठानं फिरून आलो. वन्संनी वल्हं हातात घेतलं आणि आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. यांनी बांधावरून टाळ्या वाजवल्या.

१३ डिसेंबर

वन्सं गेल्या. परवा दुपारी.

शिंगाड्यांच्या वेलांपर्यंत गेलो होतो. मी सगळ्यांना सांगितलं की शिंगाडे तोडायला वन्सं उभ्या राहिल्या, डोंगी उलटली, मी हात दिला पण तो निसटला. पोलिसांनी तेवढंच लिहून घेतलं. हे माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मग मासाहेब आल्या आणि माझ्यापुढे हात जोडले. "पोरीचा हट्टच तसा. तिच्यापायी तूही गेली असतीस. माफ कर तिला, भानू."

मी त्यांचे हात खाली केले.  

१८ डिसेंबर

डाव्या मनगटावर बोटांचे वळ आहेत. निळे. न्हाताना पाहिले. वाटलं, त्याच दिवशीचे. पण वन्संनी माझा उजवा हात धरला होता.

दुपारी झोपाळ्यावर बसले होते. शेजारची बाजू खाली गेली. कड्या करकरल्या. मी उठले नाही. उठले असते तर तिकडे पाहावं लागलं असतं.

मासाहेब दारातून गेल्या आणि त्या रिकाम्या बाजूकडे बघून हसल्या.

२२ डिसेंबर

खरं लिहिते.

उभी मी राहिले होते. वन्सं बसूनच होत्या, मधोमध, शिकवल्यासारख्या. वेलांत वल्हं अडकलं म्हणून मी— मला वाटलं, मला सगळं येतं.

उलटल्यावर दोघींनी एकाच बाजूनं धरलं. डोंगी आमच्याच अंगावर लोळायला लागली, पकड टिकेना. वन्सं विचारत होत्या, "वहिनी, अब क्या? आता काय करू?" शिकवलं मी होतं, म्हणून मला विचारत होत्या. पलीकडून धरा, एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी नाही सांगितलं. माझा हात धरलेली त्यांची बोटं सोडवली. एकेक.

आणि दोष त्यांना दिला.

२६ डिसेंबर

तेरावा होऊन तीन दिवस झाले. हे बेटम्याला शेतावर गेलेत.

मासाहेबांचे पाय धरले. बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, ठाऊक आहे मला. कुमुद रोज दुपारी येते, सगळं सांगते. थंडीनं कुडकुडत असते. केस पुसून देते मी.

चिडल्या आहेत का, विचारलं.

"छे गं. वहिनीला बोलू नका म्हणते. तिला तिथे करमत नाही, एवढंच."

मांडीवरचा पंचा दाखवला. ओला होता. शेवाळ होतं त्याला.

२७ डिसेंबर

दुपार. खिडकीत बसून लिहितेय. मासाहेबांनी डोंगी पाण्यात ओढली. एकट्यांनी. कशी—

आत बसल्या. एका टोकाला. दुसरं टोकही तेवढंच खाली गेलंय. तिथे कुणी नाही. डोंगी अगदी सरळ—

हाका मारतात. "भानू, ये गं. मधली जागा ठेवलीय."

दाराबाहेर जायचं नाही. कडी लावली आहे. हे आले की सांगेन. यांनी २२ तारखेचं वाचावं. वन्संचा दोष नव्हता, माझा—

डोंगी काठापासून सुटली. वल्हं काठावरच. त्यांना पोहता येत नाही. ओरडले, बसून राहा, हलू नका. ऐकू जात नाही. हसताहेत. कुणाशी तरी बोलताहेत.

एकीला सोडलं. हिला नाही सोडणार. कडी काढली. जाते मी. त्या कुणाला तरी जागा करून द्यायला उभ्या रा—