देव्हाऱ्यातली गोळ्यांची पट्टी

प्रिय दिपाली,

जावईबापूंची कंबर कशी आहे? ऊसतोडीच्या टोळ्या पोचवताना जीपचे धक्के फार बसतात, पट्टा बांधायला सांग. सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली का? आदिनाथचा पुढचा दात आला का? तू वेळेवर जेवतेस ना? सृष्टीचं मुद्दाम शेवटी विचारते, कारण हा सगळा कागद तिच्यापायीच. पोरीला गोळ्यांचं भान नाही, आता नगरचं हॉस्टेल बंद, एवढं बोलून तू फोन ठेवून दिलास.

अगं, काल मी काय करून आले! देव्हाऱ्यातली तिची गोळ्यांची पट्टी पिशवीत घातली आणि एकटीच सकाळच्या एसटीनं नगरला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, बाई, ही फिटची गोळी डोक्यात जाऊन करते तरी काय, मला कळेल असं सांगा.

मेंदूतल्या पेशी म्हणे एकमेकींशी सारख्या बोलत असतात. प्रत्येकीच्या अंगाला बारीक बारीक दारं. दार उघडलं की मिठातले कण आत शिरतात, वीज सरसर पुढं धावते, टोकाला रसाचा थेंब सांडतो आणि शेजारणीला निरोप कळतो. मी तर उडालेच! हे तर आपलं दारं धरणं! आठवतं, चारीला पाणी सुटलं की तू परकर खोचून वाफ्याचं दार मोडायचीस आणि मी मागून मागचं बुजवायचे? एकदा सगळी दारं एकदम फुटली, लसूण कुठला नि बांध कुठला कळेना. फिट म्हणजे तेच गं. काही पेशी एकदम गलका करतात नि शेजारणींनाही ओढतात. सृष्टीची गोळी मिटलेलं दार जरा दाबून धरते, लगेच परत उघडू देत नाही. रोजचं पाणी जातं, लोंढा तेवढा अडतो. म्हणून तर पोरीचा अभ्यास चालतो, हसणं चालतं! दुसऱ्या काही गोळ्या म्हणे पेशींना गप बसा गं सांगणाऱ्या रसाला जोर देतात. मला लई मजा वाटली. मी बाईंना कागदावर वाफे काढून दाखवले, तर तो कागद त्यांनी ठेवूनच घेतला, पेशंटला समजवायला!

मग मी विचारलं, दारावरचं माणूस मधेच उठून गेलं तर? बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, आजी, गोळी एकदम थांबवली तर लोंढा जास्तच जोरानं येतो.

दिपाली, सृष्टी विसरली नव्हती. नवरात्राला माझ्याकडे आली होती ना, घट बसले त्या दिवशी पोरगी तांब्या नि गोळी घेऊन उभी होती. मीच म्हणाले, नऊ दिवस देवीचे, औषध घेऊन उपास मोडू नकोस, वर्षभर कुठं आली फिट? पट्टी माझ्याच हातानं देव्हाऱ्यात ठेवली. आठव्या माळेला ती कोसळली. तू फोनवर विचारलंस तेव्हा पोरगी ‘मीच विसरले’ म्हणाली, आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले. पोरीनं माझी लाज झाकली आणि तिचं कॉलेज सुटलं. मला काय बोलायचं ते बोल, पण तिला नगरला पाठव. पुढच्या नवरात्रात नैवेद्याआधी तिच्या तळहातावर गोळी मी ठेवीन. उत्तर लवकर धाड, चार ओळींचं असलं तरी चालेल, शिव्यांचं असलं तरी चालेल. फक्त पहिली ओळ तिच्या हॉस्टेलची असू दे.

तुझीच,
आई