मोडक्या छत्रीचा निरोप समारंभ

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का? इथे माणसे बरी आहेत. मधली खोली मात्र अत्यवस्थ आहे.

पंधरा तारखेला लेक तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे कायमची राहायला येते आहे. तिला मधली खोली हवी, आणि त्या खोलीत मी जपलेला इतिहास आहे (तुझी भावजय त्याला अडगळ म्हणते): तेवीस मोडक्या छत्र्या, बिनझाकणांचे डबे, बिनडब्यांची झाकणे आणि कुलुपे हरवलेल्या किल्ल्या. हिने शांतपणे सांगितले, "खोली रिकामी झाली नाही तर लेक भाड्याने घर घेईल आणि मी तिच्याकडे जाईन. तुम्ही छत्र्यांसोबत सुखाने राहा." चाळीस वर्षे व्यासपीठांवरून संचयाविरुद्ध गरजलेल्या माणसाला हे ऐकावे लागले.

मग समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हा आळस नव्हे. काही माणसांना वस्तू टाकताना स्वतःचाच तुकडा टाकल्यासारखे वाटते. (इतके नेमके वाक्य मला आयुष्यात सुचले नाही.) उपाय असा की वस्तू हातात घ्यायची, दोन शब्दांत निरोप द्यायचा आणि सोडायची. दोन शब्दांत, आणि तेही मी.

भंगारवाला दारात हातगाडी लावून उभा राहिला. मी पहिली छत्री उचलली. पाऊण तासाने, जिने स्वतः भिजून आपल्याला कोरडे ठेवले तिला रस्त्यावर टाकणारा समाज उद्या म्हाताऱ्यांचे काय करील, या वाक्यापर्यंत पोचलो, तेव्हा तो डोळे पुसत होता. म्हणाला, "साहेब, ही मी नेणार नाही." उलट गाडीवरचा बिनपात्यांचा पंखा आमच्या दारात ठेवून गेला, हाही बिचारा जन्मभर फिरला, याला मोडवत नाही म्हणे. खिडक्यांतून ऐकणारे शेजारीही दुसऱ्या दिवसापासून आपापली मोडतोड आणून ठेवू लागले. आता खोलीचे दार उघडत नाही.

काल लेकीने फोनवर विचारले, "बाबा, पाळणा मावेल ना?" मला उत्तर सुचले नाही, ताई. मला.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना आठ दिवस पाठव. श्रवणयंत्र घरीच ठेवायला सांग. मी काहीही बोललो तरी त्यांनी फक्त उचलत राहावे.

आणखी ता. क. ही म्हणते, भाऊजी ओठांवरूनही ओळखतात. तेव्हा तेवढे दिवस मीच तुझ्याकडे येऊन राहतो. सामान फारसे नाही. टेम्पोवाला म्हणतो, दोन फेऱ्यांत होईल.