काशीला सोडलेली साखर

मु. साखरखेर्डा
मार्गशीर्ष वद्य, शके १८८७

तीर्थस्वरूप सौ. सिंधूताईस,

धाकट्या पुष्पाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (डोके सध्या फार तापलेले आहे, तेव्हा पाय जपून.) तुझे गुडघे कसे आहेत? एरंडाचे पान शेकून बांधत जा, त्याला पैसे पडत नाहीत. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे मेहकरच्या बालाजीच्या कृपेने सर्व खुशाल, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशाल कोणीही नाही. पत्र पाकिटातून पाठवते आहे, कारण अंतर्देशीयात माझा राग मावत नाही. आणि पत्रास कारण तुझा शालिग्राम.

पोरगा डॉक्टर झाला, नागपुरास पुढचे संशोधन करतो, याचा आनंद मलाही आहे. तो आला त्या दिवशी मी देवापुढे गूळ ठेवला. (साखर कार्डावर मिळते तेवढीच, ती सत्यनारायणाला राखून ठेवावी लागते.) पण आपल्या घरातून निघताना तू त्याला एवढे तरी बजावायचे होतेस की मावशीचे घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. आल्या आल्या त्याने पेटीतून बाटल्या, नळ्या, निळे पाणी असे काढले, आणि थंड जागा हवी म्हणून सगळे नेऊन माझ्या देवघराच्या कोनाड्यात मांडले. बाटल्या कशाच्या म्हणून विचारले, तर म्हणे लघवीच्या. अजून रिकाम्या आहेत मावशी, म्हणाला, जणू रिकाम्या म्हणजे सोवळ्या! नाव शालिग्राम, आणि देवघरात ठेवतो काय? मी गोमूत्र शिंपडले, तर त्याने तेही तपासायला मागितले.

जेवायला बसला की हात वाळेपर्यंत बोलतो. आपले शरीर म्हणे कोट्यवधी पेशींचे, डोळ्याला न दिसणाऱ्या. प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. भाकर खाल्ली की तिची रक्तात साखर होते आणि ती दारोदार फिरते. पोटातली एक गाठ इन्सुलिन नावाचा निरोप्या सोडते, तो पेशीच्या दाराची कडी वाजवतो, आतून आणखी कोणीतरी निरोप पुढे नेतो, मग दार उघडते आणि साखर घरात जाते. निरोप्या आलाच नाही, किंवा येऊन कडी वाजवली तरी आतल्यांनी कानावर घेतले नाही, की साखर बाहेरच्या बाहेर हिंडत राहते आणि लघवीवाटे निघून जाते. त्यालाच मधुमेह म्हणायचे. आतला निरोप नेमका कुठे अडतो, हे शोधायला साऱ्या जगातले विद्वान बसले आहेत. मी म्हटले, बाबा, एवढ्यासाठी कशाला बसले? तुझे काका ओसरीवर बसलेले असतात, मी ताट वाढले म्हणून हाक मारते, हाक कानात जाते हे मला दिसते, आणि माणूस उठत नाही. निरोप कुठे अडतो ते तू आधी इथे शोध. (हे ऐकूनही हे उठले नाहीत.)

आता खरा घोटाळा ऐक. शालिग्रामने गावात दवंडी द्यायचे ठरवले आणि कोतवाल कडूबाला कागदावर लिहून दिले की उद्या सकाळी घरोघरी लघवीतील साखर तपासली जाईल, कोणी लपवालपवी करू नये. कडूबा मोठा मर्यादेचा माणूस. आयाबहिणींच्या दारात तो शब्द ओरडायचा कसा, म्हणून त्याने तेवढा एक शब्द गाळला. डफडे वाजवीत गावभर सांगत सुटला, "उद्या सकायी घरोघर साखर तपासल्या जाईन होऽऽ! कोनी लपवू नये होऽऽ!"

ताई, सध्याच्या दिवसांत साखर म्हटले की माणसे देवाचे नाव ऐकल्यासारखी उभी राहतात. आमच्या पलीकडच्या हिंमतरावांकडे लग्न निघाले आहे. त्यांनी कुठून कशी आणली मला ठाऊक नाही (ठाऊक आहे, पण लिहीत नाही), ते पोते दिवेलागणीच्या आत कडब्याच्या गंजीत गेले. कोणी साखर पिठात कालवली, कोणी हंड्यात घालून हंडा चुलीमागे पुरला. सकाळी शालिग्राम हातात बाटल्या घेऊन दारात उभा राहिला आणि काय पाहिजे ते सांगितले, तेव्हा आळीचा जीव भांड्यात पडला. पण हिंमतरावांचा तिथे फार वेळ राहिला नाही. ते पारावर बसून म्हणाले, "हे सरकार लय हुशार हाय बाप्पा. आता कोठी नाई पाह्यत, पोटच पाह्यते. खाल्लेली साखर मुतात उतरते, अन् मंग कार्डावर किती अन् पोटात किती, याचा हिशोब लावते."

झाले! एवढा शहाणपणा कोणाला पटणार नाही? आता साखर न खाणाऱ्या माणसाची लघवी हवी, आणि असे माणूस आळीत एकच, आमच्या आत्याबाई. तुला त्या आठवत असतील, यांच्या वडिलांच्या धाकट्या बहीण, बनाबाई. ऐन तरण्या वयात कपाळ पांढरे झाले तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. काशीला गेल्या तेव्हा आवडीची वस्तू गंगेत सोडायची म्हणून साखर सोडून आल्या, आणि नेम असा कडक की प्रसादाचा शिराही कपाळाला लावून गाईला देतात. दसऱ्याच्या सुमारास शेतात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम मात्र अजून भरत नाही, उलट काळी पडते आहे. हळद झाली, निंबाचा पाला झाला, सगळे झाले. मला रात्रंदिवस त्या पायाचा घोर लागला आहे.

तर शेजारची रुख्मिणी मागच्या दाराने पदराखाली बाटली घेऊन आली. मग दुसरी आली, तिसरी आली. मला वाटले विरजण मागायला येतात. आत्याबाई बिचाऱ्या तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन कोणाला नाही म्हणाल्या नाहीत. (तहान त्यांना अशीही फार लागते, माझा माठ दुपारीच कोरडा होतो.) नंतर मी रागावले तर म्हणाल्या, "लोकं दारात येऊन मांगून राह्यले, अन् मी कायले नाई म्हनू व माय? माहा काशीचा नेम गावाच्या कामी आला."

शालिग्रामने अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीवर नळ्या उकळल्या. निळे पाणी निळेच राहिले तर साखर नाही, विटकरी झाले तर भरपूर. एक नळी विटकरी झाली. दुसरी झाली. सगळी आळी विटकरी झाली! तुझा मुलगा नाचायचाच बाकी होता. एका आळीत झाडून सगळ्यांना मधुमेह, असे जगात कुठे आढळले नाही म्हणे. त्याने नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना तार केली. मग कारण शोधायला म्हणून विहिरीचे पाणी बाटलीत भरले, माझ्या ज्वारीचे पीठ घेतले, तुळशीची माती घेतली. पीठ परत केले नाही.

इकडे हिंमतराव हादरले. साखर निघाली म्हणजे आता जप्ती येणार, म्हणून त्यांनी आमच्या ओट्यावर येऊन, सगळ्या बाटल्यांत एकट्या आत्याबाईंचीच आहे, हे खरे सांगून टाकले. आणि खरे सांगताच आळी आत्याबाईंवर उलटली. रुख्मिणी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "काशीले सोडली म्हने! मंग हे लाल काऊन झालं? चोरून खात असंन बुढी!" ताई, त्या बाईंच्या तोंडाकडे मला पाहवेना. त्यांनी गंगेची कुपी हातात घेऊन शपथ वाहिली आणि अन्न सोडले.

शालिग्राम पायरीवर बसून नळ्या गोळा करू लागला. त्याच्या ओंजळीत सगळ्या आळीच्या नळ्या, आणि रोगी एकच. मग त्याची नजर त्या पायाच्या चिंधीवर गेली. इतके दिवस त्याच घरात जेवला, झोपला, कोणाच्या पेशीत काय चालले ते सांगत राहिला. पेशी दिसते, पाय दिसत नाही! चिंधी सोडून त्याने पाय नीट पाहिला. मग उठला आणि लोकांना चांगले खडसावून म्हणाला की ह्यांनी साखर खाल्लेली नाही, ती भाकरीतूनच होते, ह्यांच्या पेशी ती घरात घेत नाहीत, म्हणून ती बाहेर पडते.

आत्याबाईंनी डोळे पुसले. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजे मी सोडली, त माह्या पेशींनंबी सोडली म्हन."

रुख्मिणीने येऊन पायावर डोके ठेवले (नेमके दुखऱ्या), तेव्हा कुठे आत्याबाई जेवल्या. दुसऱ्या दिवसापासून बायका हळदकुंकू घेऊन दर्शनाला येऊ लागल्या. त्यांना पाणी द्यायचे मी!

एवढ्यावर भागले असते तर मी कपाळाला हात लावून बसले असते. पण शालिग्रामने सुई काढली. हे इन्सुलिन रोज टोचायचे, म्हणजे पेशी साखर घेतील आणि जखम भरेल. नाहीतर पाय कापावा लागेल, कदाचित तेवढ्यानेही भागणार नाही, असे त्याने मला बाजूला घेऊन सांगितले. आत्याबाईंनी हातच मागे घेतला. "कोटी कोटी जीव नेम पाळून राह्यले, अन् तू सुई टोचून त्याहीले बाटवतं काय बे?" त्याने जोडता येतील तेवढे हात जोडले. ही ती साखर नव्हे आजी, ही दुकानातली नव्हे, हिला ग्लुकोज म्हणतात. त्या म्हणाल्या, "काल लोकाईसमोर साखर म्हने, आज दुसरं नाव सांगते." औषधाची कुपी माझ्या माठाखालच्या वाळूत पुरून, दवाखान्याच्या कंपाउंडरला सुई कशी द्यायची ते शिकवून, तुझा विद्वान तोंड पाडून नागपुरास तुझ्याकडे परत गेला. कंपाउंडर रोज येतो, चहा पितो आणि तसाच जातो.

तेव्हा ताई, तुला हात जोडून सांगते, या मुलाला पुन्हा माझ्या दारात पाठवू नकोस. संशोधन करायचे तर तुझ्या आळीत करावे. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, पण थोडा दमला आहे.

तुझी,
पुष्पा

ता. क. शालिग्रामला मिळेल त्या गाडीने पाठव. पाय सकाळपासून जास्त सुजला आहे.

ता. क. दुसरा. आपल्याकडे म्हातारीला उपास झेपेनासा झाला की ती हातावर पाणी सोडून तो सुनेला सोपवते, हे मी आत्याबाईंना सुचवले. तुमचा साखरेचा नेम दुसऱ्या कोणी चालवला म्हणजे तुमच्या पेशी मोकळ्या होतील. मी स्वतःच घेणार होते, पण मला सत्यनारायणाचा प्रसाद खावा लागतो, तो टाळणे बरे नव्हे. आत्याबाई पुष्कळ वेळ माळ ओढीत बसल्या. मग म्हणाल्या, "ज्यानं साखर शोधली, त्यानंच सोडावं. तो समोर बसून पानी घेईन, तई मी हात पुढं करीन." मी शालिग्रामच्या वतीने होकार देऊन टाकला आहे. जन्मभराचा नेम आहे. त्याला गाडीत बसेपर्यंत सांगू नकोस, आणि निघताना चहा गोड करून पाज, बिचाऱ्याचा शेवटचा आहे.

ता. क. तिसरा. म्हणजे त्याच्या वाट्याची कार्डावरची साखर तुझ्याकडे दर खेपेला उगाच उरणार. ती त्याच्याबरोबरच धाडावी, इथे पौर्णिमेला उपयोगी पडेल. पिशवी कपड्यांच्या तळाशी घाल, आणि आमच्या गावात उतरल्यावर कोणी काय आणले म्हणून विचारलेच, तर ग्लुकोज म्हणावे.